कपाशीच्या ठिपक्यातला डिंक: जिवाणूच्या साखरेची रचना तालुक्याच्या प्रयोगशाळेत कशी उलगडायची

भाद्रपदात पारोळ्याकडे मामांच्या कपाशीत उभा होतो. मामांनी एक पान उलटं करून माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, ‘भाचा, हाऊ चिकटा शे का डिंक?’

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, तरी उत्तर द्यायला मला दोन मिनिटं लागली. खान्देशात ‘चिकटा’ म्हणजे मावा आणि पांढरी माशी यांनी टाकलेला गोड स्राव. त्यातल्या साखरा लहान, दोन-तीन कड्यांच्या. जोराचा पाऊस आला की त्या धुऊन जातात, नाही आला तर त्यांच्यावर काळी बुरशी चढते. मामांच्या पानावर होतं ते वेगळंच. शिरांच्या चौकटीत अडकलेले कोनाकोनाचे ठिपके, उन्हाकडे धरले तर तेलकट दिसणारे, आणि त्यांतून पाझरून वाळलेला पापुद्रा. हा जिवाणूजन्य करपा. पापुद्र्यातला चिकटपणा ज्या साखरेचा असतो, तिच्या एकाच साखळीत हजारो कड्या असतात. करप्याचा जिवाणू झँथोमोनास कुळातला. लिंबावरचा खैऱ्या आणि डाळिंबावरचा तेल्या हेही त्याच्याच भाऊबंदांचे उद्योग.

आमच्याकडे एम.एस्सी.ची पोरं प्रकल्पासाठी हा डिंक घेतात आणि बहुतेक जण एकाच ठिकाणी घसरतात. डिंक निघाला की लगेच तो एनएमआरला (रेणूतल्या अणूंची जोडणी चुंबकाच्या मदतीने वाचणाऱ्या यंत्राला) पाठवायची घाई. तिथून हजारो रुपयांचा आलेख येतो आणि त्यात काहीच वाचता येत नाही, कारण नळीत नेमकं काय होतं हेच कुणी तपासलेलं नसतं. माझं मत सांगतो: रचनेचं तीन चतुर्थांश काम साध्या टेबलावर होतं. उरलेल्या पावासाठी मोठं यंत्र लागतं, तेही नमुना स्वच्छ असेल तरच उपयोगी पडतं.

पान निवडताना

सकाळी जा. ठिपका कोवळा, पाणी पाझरतोय असा हवा. काळा पडून वाळलेल्या ठिपक्यात मूळ जिवाणू कमी आणि मेलेल्या पानावर जगणारे उपरे जास्त असतात. पानं कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत आमच्या उकाड्यात ती संध्याकाळपर्यंत सडतात.

प्रयोगशाळेत आल्यावर पहिली चाचणी पाच मिनिटांची आहे. ठिपक्याच्या कडेचा, अर्धा हिरवा अर्धा रोगट, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा ब्लेडने कापा. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून वर कव्हरस्लिप टाका आणि लहान भिंगाखाली कापलेल्या कडेवर नजर ठेवा. जिवाणू असेल तर चुलीतून धूर निघावा तसा दुधी लोट बाहेर पडतो. बुरशी असेल तर असं काही होत नाही. बामणोदच्या भरताच्या वांग्याचं झाड उभंच्या उभं वाळलं असेल, तर देठ कापून पाण्याच्या ग्लासात टांगा. काही मिनिटांत पांढरे धागे खाली उतरले तर तो मर रोगाचा जिवाणू, राल्स्टोनिया. त्याचा डिंक अगदी निराळ्या घडणीचा आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

पिवळा रंग म्हणजे डिंक नव्हे

तुकडा एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर बुडवा आणि निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवा. मग थेंबभर पाण्यात चेचून, ग्लुकोज घातलेल्या न्यूट्रियंट अगारवर लूपने रेघा ओढा. २८ ते ३० अंशांवर दोन-तीन दिवस ठेवा. इथे एक स्थानिक अडचण आहे. जळगावच्या मे महिन्यात ‘खोलीचं तापमान’ म्हणजे चाळिशीच्या पुढचा पारा. त्यात हा जिवाणू वाढत नाही. थंड करणारा इनक्युबेटर नसेल तर हे काम श्रावणानंतरच हाती घ्या. ऑटोक्लेव्ह नादुरुस्त असेल तर घरचा कुकर चालतो, कारण त्याच्या शिट्टीचं वजनही साधारण १५ पौंड दाबाचंच असतं. शिट्टी झाल्यावर आच मंद करून २० मिनिटं मोजा.

पिवळ्या, फुगीर, मधाच्या थेंबासारख्या चकचकीत वसाहती उगवतील. पोरांना वाटतं, पिवळं ते डिंक. तसं नाही. पिवळा रंग झँथोमोनॅडिनचा. त्याच्या रेणूत ब्रोमिन असतं आणि तो पेशीच्या पटलातच बसलेला असतो. शुद्ध डिंक पांढरट निघतो. तुमचा डिंक पिवळा निघाला तर पेशी नीट वेगळ्या झाल्या नाहीत असं समजा.

दुसरी फसगत पोटॅशच्या चाचणीत होते. तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात वसाहत घोळली आणि लूप वर उचलला की तार निघते. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूची ती खूण बरोबर आहे, पण ती तार डिंकाची नसते. पेशी फुटून बाहेर आलेल्या डीएनएची असते.

डिंक पिकवायचा आणि काढायचा

जिवाणूला पोटभर साखर द्या आणि नायट्रोजनसाठी उपाशी ठेवा, म्हणजे तो वाढ थांबवून डिंक करत बसतो. दोन-तीन टक्के ग्लुकोज, थोडंसं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, फॉस्फेट, मॅग्नेशियम, सामू सातच्या आसपास. शेकरवर २८ अंशांना तीन-चार दिवस. वीज गेली की शेकर थांबतो, हवा तुटते आणि डिंक कमी पडतो, म्हणून इन्व्हर्टरची सोय आधी बघा. दुकानातली साखर मुद्दाम टाळायला सांगतो. सुक्रोज मिळाली की काही रोगकारक जिवाणू पेशीबाहेरच तिच्यापासून लेव्हान हा फ्रुक्टोजचा डिंक तयार करतात, आणि मग एका नळीत दोन डिंक होतात.

चौथ्या दिवशी फ्लास्क तिरपा करा. द्राव कळण्याच्या पिठाच्या पातळ घाट्यासारखा जड सरकतो. या घट्टपणात पेशी तळाला बसत नाहीत, त्यामुळे तिप्पट-चौपट पाणी घालून सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला १० हजार फेऱ्यांवर अर्धा तास फिरवा. वरचा स्वच्छ द्राव ओतून घ्या, त्यात एक टक्का पोटॅशियम क्लोराइड विरघळवा आणि अडीचपट थंडगार आयसोप्रोपिल अल्कोहोल हळूहळू ओता. इथे पोरांना आवर्जून जवळ बोलवतो. द्रावात आधी ढग येतो, मग शेवया याव्यात तसे पांढरे धागे एकमेकांत गुंततात. काचेची कांडी फिरवली की सगळा गुंता तिच्यावर चढतो आणि खाली नितळ अल्कोहोल उरतं.

मीठ कशाला? या साखळीवर जागोजागी आम्लगट असतात, म्हणजे ऋण भार. साखळ्या एकमेकींना दूर लोटतात आणि खाली बसायला मागत नाहीत. पोटॅशियमचे आयन तो भार झाकतात. मिठाशिवाय धागे नीट येत नसतील आणि मिठाने येत असतील, तर हीच रचनेची पहिली खबर समजून वहीत टिपून ठेवा: साखर आम्लधर्मी आहे.

धागे पुन्हा पाण्यात विरघळवा, पुन्हा अल्कोहोलने पाडा, डायलिसिसच्या नळीत (तिच्यातून फक्त लहान रेणू बाहेर पडतात) घालून दोन दिवस पाणी बदलत राहा, मग गोठवून वाळवा.

मॅनोजचं गौडबंगाल

एका वर्षी आमच्या डिंकात मॅनोज ही साखर ग्लुकोजपेक्षा जास्त भरली. मीच पोरांना म्हणालो, नवीन डिंक सापडला! आठवडाभर तोऱ्यात होतो. मग डोक्यात आलं, झँथोमोनासच्या डिंकात मॅनोज हिशेबापेक्षा कमी दिसायला हवं (का, ते पुढे येतं), जास्त दिसायचं काही कारणच नाही. जिवाणू न घालता नुसतं माध्यम घेतलं आणि त्यात अल्कोहोल ओतलं. पांढरा गाळ! यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधलं मॅनान. यीस्टच्या भिंतीतली मॅनोजची साखळी आपल्या डिंकासोबत इमानेइतबारे खाली बसत होती.

तेव्हापासून आमच्याकडे दोन नियम झाले. एक कोरा फ्लास्क कायम सोबत चालवायचा. आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट डायलिसिसच्या नळीत घालून, नळीबाहेर पडणाऱ्या लहान रेणूंचाच द्राव माध्यमाला वापरायचा. असाच दुसरा चोर म्हणजे ऱ्हॅम्नोज. तो दिसला तर पेशीभिंतीवरचं लिपोपॉलिसॅकराइड मिसळलं असण्याची दाट शक्यता. द्राव फार उकळला किंवा जोरात घुसळला की पेशी फुटतात आणि ते बाहेर येतं.

आणखी एक सोय आहे, ती कुणी का वापरत नाही कळत नाही. दुकानात मिळणारा झँथन गम, सॉसच्या बाटलीवर ई ४१५ म्हणून छापलेला असतो तो, याच कुळाचा डिंक आहे. कोबीवर्गीय पिकांवर रोग आणणाऱ्या झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिसपासून तो करतात. अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत अॅलीन जीन्स आणि सहकाऱ्यांनी तो पुढे आणला आणि १९६९ मध्ये तिथे खाद्यपदार्थांत वापरायला परवानगी मिळाली. त्याची रचना ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक चाचणी आधी त्याच्यावर करा. त्याच्यावर उत्तर चुकलं तर चूक तुमच्या हाताची.

कोणत्या साखरा, किती

एकूण साखरेसाठी फिनॉल-सल्फ्युरिक: एक मिली नमुना, एक मिली पाच टक्के फिनॉल, मग पाच मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. केशरी रंग ४९० नॅनोमीटरवर मोजा. हातमोजे आणि चष्मा हवेतच, फिनॉल कातडी जाळतं. युरॉनिक आम्लासाठी (आम्लगट असलेल्या साखरेसाठी) मेटा-हायड्रॉक्सीडायफिनिल, गुलाबी रंग, ५२० नॅनोमीटर. प्रथिनांसाठी ब्रॅडफर्ड, निळा रंग आला तर मागे जा, नमुना अजून मळलेला आहे.

वर्गात दाखवायला माझी आवडती चाचणी बेनेडिक्टची आहे. डिंकावर ती करा, निळा रंग हलत नाही, कारण हजारो कड्यांच्या साखळीत मोकळं टोक एकच. मग तोच डिंक आम्लात उकळून तोडा, आम्ल उदासीन करा आणि पुन्हा करा. आता विटकरी रंग येतो. साखळी तुटली हे मागच्या बाकावरूनही दिसतं.

तोडण्यासाठी ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल, दोन मोलर, बंद नळीत १२० अंशांवर तासभर. नंतर ते उडवून टाका. तुटलेला माल व्हॉटमन नंबर १ कागदावर, शेजारी ग्लुकोज, मॅनोज, गॅलॅक्टोज, ऱ्हॅम्नोज आणि ग्लुक्युरॉनिक आम्ल यांचे ठिपके. ब्युटेनॉल-अॅसेटिक आम्ल-पाणी ४:१:५ यांचा वरचा थर वापरून रात्रभर चालू द्या. अॅनिलीन हायड्रोजन थॅलेट फवारून १०५ अंशांवर तापवलं की तपकिरी ठिपके उमटतात. मॅनोज ग्लुकोजच्या जरासाच पुढे चालतो, म्हणून कागद एकदा चालवून भागत नाही. वाळवून पुन्हा चालवा.

कागदावर एक अनोळखी, रेंगाळणारा ठिपका राहील. तो नवी साखर नव्हे. ग्लुक्युरॉनिक आम्लाचा मॅनोजशी असलेला बंध आम्लाला दाद देत नाही, त्यामुळे ही जोडी न तुटता तशीच राहते. मॅनोज हिशेबात कमी भरतो तो यामुळे. तो ठिपका कापून पाण्यात उतरवा, अधिक कडक आम्लाने तोडा आणि पुन्हा कागदावर चालवा. एका ठिपक्यातून मॅनोज आणि ग्लुक्युरॉनिक आम्ल असे दोन निघाले, तर हे दोघे साखळीत शेजारी आहेत हे तुम्ही कागद आणि आम्ल एवढ्यावर सिद्ध केलंत.

वांग्याच्या राल्स्टोनियाकडे आता येऊ. त्याच्या डिंकाचा मुख्य खंड तीन साखरांचा आणि तिन्ही अमिनो-साखरा: अॅसिटिल गॅलॅक्टोसअमिन, अॅसिटिल गॅलॅक्टोसअमिन्युरॉनिक आम्ल आणि बॅसिलोसअमिन नावाची एक दुर्मीळ साखर. अमिनो-साखरा फिनॉल-सल्फ्युरिकला जेमतेम रंग देतात. चिकट द्राव आणि रंग फिका, तर ‘यात साखर नाही’ असं लिहू नका. एल्सन-मॉर्गनची अमिनो-साखरेची चाचणी करा.

कोण कुणाला कुठे धरून आहे

साखरांची नावं आणि प्रमाण कळलं म्हणजे रचना कळली असं नाही. ग्लुकोजच्या प्रत्येक कडीला हात धरायला चार-पाच जागा असतात. कुठली जागा गुंतली आहे हे मिथिलेशनने कळतं.

हळदीच्या दिवशी नवरदेवाने मूठ घट्ट मिटून ठेवली आणि बायकांनी त्याला नखशिखांत हळद माखली, तर नंतर मूठ उघडल्यावर तळवा कोरा निघतो. मिथिलेशन म्हणजे तीच हळद. डिंकाचे सगळे मोकळे हायड्रॉक्सिल मिथिल आयोडाइडने माखायचे, मग साखळी तोडायची. जी जागा बंधात अडकली होती ती कोरी निघते. त्या कोऱ्या जागेवर अॅसिटिल चढवून जीसी-एमएसला (तुकडे वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला) द्यायचं. बारीक कुटलेला सोडियम हायड्रॉक्साइड डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये वापरायची पद्धत सोपी आणि खात्रीची. मिथिल आयोडाइड मात्र विषारी आहे. फ्यूम हूड नसेल तर ही पायरी आपल्या कॉलेजात करूच नका, हूड असलेल्या ठिकाणी जा. नमुना पूर्ण कोरडा हवा, पावसाळी हवेत उघडा राहिला तर अर्धवट मिथिलेशन होऊन खोट्या फांद्या दिसतात.

झँथनच्या घडणीचा डिंक असेल तर काय दिसतं? २,३,६-ट्रायमिथिल ग्लुकोज, म्हणजे चौथी जागा गुंतलेली, सरळ कण्याची कडी. २,६-डायमिथिल ग्लुकोज, म्हणजे तिसरी आणि चौथी दोन्ही गुंतलेल्या; इथून फांदी फुटते. दोन्ही साधारण सारख्या प्रमाणात, यावरून दर दुसऱ्या ग्लुकोजला एक फांदी. ३,४,६-ट्रायमिथिल मॅनोज हा फांदीच्या बुडाचा, दुसऱ्या जागेवर पुढची कडी धरलेला. २,३,४,६-टेट्रामिथिल मॅनोज फांदीच्या टोकाचा, पुढे कुणालाच न धरलेला. आणि २,३-डायमिथिल मॅनोज दिसला तर बुचकळ्यात पडू नका. तोही टोकाचाच, पण त्याच्या चौथ्या आणि सहाव्या जागेवर पायरुव्हेट नावाचा छोटा आम्लगट कडं घालून बसलेला आहे. नमुन्यातलं पायरुव्हेट सौम्य आम्लात तापवून आधी काढा आणि मिथिलेशन पुन्हा करा. २,३ चं शिखर घटलं आणि टेट्रामिथिलचं वाढलं की शंका मिटली.

ग्लुक्युरॉनिक आम्ल या यादीत आपणहून येत नाही. त्याचा आम्लगट कार्बोडायइमाइड आणि बोरोहायड्राइडने आधी साध्या ग्लुकोजमध्ये उतरवावा लागतो. आणि डिंकावरचं मूळचं अॅसिटिल अल्कलीत गळून पडतं, त्यामुळे मिथिलेशनमध्ये त्याचा मागमूस राहत नाही. ते हायड्रॉक्सिलअमिन आणि फेरिक क्लोराइडने वेगळं मोजा.

अल्फा की बीटा

आता एनएमआरची पाळी. डिंक जसाच्या तसा दिलात तर जेलीसारख्या द्रावात रेषा पसरट येतात. अल्ट्रासाउंडने साखळ्या थोड्या तोडा, जड पाण्यात विरघळवा आणि ७०-८० अंशांवर आलेख घ्यायला सांगा. १.५ पीपीएमच्या जवळ पायरुव्हेटचा मिथिल, २.१ च्या जवळ अॅसिटिलचा. या दोन शिखरांच्या क्षेत्रफळांवरून त्यांचं प्रमाण थेट निघतं.

ग्लुकोजचा अल्फा-बीटा, म्हणजे पहिल्या जागेचा बंध दोनपैकी कोणत्या दिशेला आहे ते, पहिल्या आणि दुसऱ्या प्रोटॉनमधल्या कपलिंगवरून, म्हणजे शिखर ज्या दोन रेषांत दुभंगतं त्यांच्यातल्या अंतरावरून, सहज कळतो: साधारण आठ हर्ट्झ तर बीटा, तीन-चार तर अल्फा. मॅनोजला हा नियम लावला की हमखास चूक. त्याचा दुसरा हायड्रॉक्सिल उलट दिशेला असल्याने दोन्ही प्रकारांत हे अंतर लहानच येतं. मॅनोजसाठी पहिला कार्बन आणि त्याचा प्रोटॉन यांच्यातलं कपलिंग मोजायला सांगा: १७० हर्ट्झच्या आसपास अल्फा, १६० च्या आसपास बीटा. प्रकल्पांच्या वह्यांत ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता पहिलं तेच पान उघडतो. कड्यांचा क्रम पक्का करायला एचएमबीसी हा द्विमितीय आलेख मागा. एका कडीचा पहिला प्रोटॉन शेजारच्या कडीच्या कोणत्या कार्बनशी बोलतो ते त्यात दिसतं.

कागदावर

झँथनची रचना १९७५ मध्ये स्वीडनच्या यान्सन, केन्ने आणि लिंडबेर्ग यांनी मांडली ती अशी. कणा बीटा-१,४ जोडणीच्या ग्लुकोजचा, म्हणजे आपल्या कपाशीच्या बोंडातल्या सेल्युलोजसारखाच. दर दुसऱ्या ग्लुकोजच्या तिसऱ्या जागेवर तीन कड्यांची फांदी: आधी अल्फा-मॅनोज, बहुतेक वेळा सहाव्या जागेवर अॅसिटिल घेऊन, त्याच्या दुसऱ्या जागेवर बीटा-ग्लुक्युरॉनिक आम्ल, त्याच्या चौथ्या जागेवर टोकाचा बीटा-मॅनोज, आणि अशा सुमारे निम्म्या टोकांवर पायरुव्हेट. पाच साखरांचा एक खंड, ग्लुकोज, मॅनोज, ग्लुक्युरॉनिक आम्ल २:२:१. एका खंडाचं वजन नऊशेच्या आसपास आणि साखळीचं वजन निदान वीस लाख, म्हणजे एकेका साखळीत दोन हजारांवर खंड.

सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही आणि हा डिंक विरघळतो, हा फरक त्या भारित फांद्यांचा. रोगातही त्यांना काम आहे. पानाच्या बचावाला लागणारे कॅल्शियमचे आयन हे आम्लगट धरून ठेवतात आणि पानाचा बचाव ढिला पडतो. शिवाय उन्हात पापुद्रा वाळला तरी आतले जिवाणू त्यात तग धरतात.

मामांच्या कपाशीचा डिंक आम्ही या वाटेने तपासला आणि साचा हाच निघाला. मामांना सांगितलं, डिंक शे, चिकटा नै. माव्याचं औषध मारू नका. पुढच्या हंगामाला आम्लाने तंतू काढलेलं बियाणं घ्या आणि पऱ्हाट्या शेतात ठेवू नका.

जिवाणूच्या सगळ्या प्लेटा कुकरमध्ये घालूनच फेका, उकिरड्यावर तशाच टाकल्यात तर पुढच्या पावसात त्या कुणाच्या तरी शेतात पोहोचतील. आणि वहीत कणा, फांदी, जोडणीचे आकडे पेनाने लिहिलेत तरी अॅसिटिल-पायरुव्हेटचं प्रमाण पेन्सिलने लिहा, सोबत माध्यम आणि दिवस टाकून. पुढच्या फ्लास्कला ते बदललेलं असतं.